कार्बन काढायचं केमिकल: आधी काजळी कुठं बसलीय ते बघा

गोडोलीत राहणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची २०१४ सालची १२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक ८०,००० किलोमीटर चालली आहे. घर ते शाळा आणि शाळा ते राजवाडा, एवढाच तिचा रोजचा फेरा. सकाळी चालू केल्यावर आरपीएम वरखाली होतो, पिकअप गेलाय, आणि यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरला दाबली की इंजिनातून टकटक ऐकू येते. सर्व्हिस सेंटर म्हणतं केमिकलनं डिकार्बोनायझिंग करा, ओळखीचे मेस्त्री म्हणतात हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, खोलू, आणि पुतण्या म्हणतो टाकीत एक बाटली ओता, बाकी काही लागत नाही. शिवाय वाईच्या भावाची २०१३ ची डिझेल गाडी काळा धूर ओकतेय. तिलाही हेच औषध चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

सर, तिघांपैकी खोटं कुणीच बोललेलं नाही. तिघांनी इंजिनातल्या तीन वेगळ्या जागांचे तीन वेगळे उपाय सांगितलेत. तुमच्या गाडीत कार्बन नेमका कुठल्या जागी आहे, हे मात्र अजून कुणी उघडून बघितलेलं नाही. केमिकल ज्या भागाला ओलं करतं तेवढाच भाग साफ होतो. टाकीत ओतलेलं द्रव थ्रॉटलला, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेला, कधीच शिवत नाही, थ्रॉटलवर मारलेला स्प्रे पिस्टनच्या रिंगपर्यंत जात नाही, आणि इंजिन ऑइलमध्ये टाकलेलं फ्लश व्हॉल्व्हच्या मागचा थर काढू शकत नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी, हे केमिकल कुठून आत जाणार, कशाकशाला लागणार आणि कुठून बाहेर पडणार, एवढं समोरच्याला विचारा. ज्याला काम कळतं तो दोन मिनिटांत सांगेल.

हा कार्बन येतो कुठून, ते आधी बघू. थंड इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, जास्त पेट्रोल देतो. त्यातलं काही गार भिंतींवर ओलं राहतं आणि पूर्ण जळत नाही, त्याची काजळी होते. काट्यावर टेंपरेचर चार-पाच मिनिटांत मधोमध येतं, पण तो काटा कूलंटचा आहे. इंजिन ऑइल तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यात ऑइल नीट तापतच नाही, त्यात उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जात नाही. क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, ही ऑइलची वाफ ब्रीदरच्या (वाफ बाहेर काढायच्या) नळीतून परत इनटेकमध्ये, म्हणजे हवेच्या वाटेत, ओढली जाते. थ्रॉटलच्या झडपेवर दिसणारा काळा चिकट लेप बहुतेक हाच असतो: ऑइलची वाफ आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ. तुमची गाडी म्हणायला कमी चाललीय, पण कार्बन बसायला अशीच गाडी सोयीची. रोज साताऱ्याहून पुण्याला ये-जा करून दोन लाख किलोमीटर झालेली इंजिनं मी आतून जास्त स्वच्छ बघितलीत.

तुमच्या तीन तक्रारींना तीन जागा संशयित आहेत. सकाळचा आरपीएम वरखाली होणं ही थ्रॉटल बॉडीची लक्षणं. आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, झडप केसभरच उघडी असते, त्या फटीत लेप बसला की हवेचा हिशोब चुकतो. पिकअप पडण्याची कारणं पुष्कळ आहेत: प्लग, एअर फिल्टर, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग), अगदी अडकलेला ब्रेकसुद्धा. घाटातली टकटक मात्र ज्वलनकक्षाकडे बोट दाखवते. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर चढला की आतली जागा कमी होते, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. शिवाय त्या थरातले टोकदार खडे लालभडक होऊन मिश्रण नको तेव्हा पेटवतात. चढाला, कमी आरपीएमवर, पाय दाबून ठेवला की हे सगळ्यात जास्त जाणवतं. पण तापलेलं इंजिन, चुकीच्या हीट रेंजचा प्लग किंवा निकामी नॉक सेन्सर (टकटक ओळखणारा) यांनीही तशीच टकटक होते. म्हणून बघितल्याशिवाय बोलू नये.

बघायचं कसं? चारही प्लग काढा आणि सिलिंडरच्या क्रमानं कापडावर मांडा. टोक फिकट तपकिरी असेल तर तो सिलिंडर बरा. कोरडी काळी काजळी म्हणजे मिश्रण जास्त समृद्ध किंवा फेरे फार छोटे. ओला, तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येतंय, आणि मग प्रश्न कार्बनचा उरत नाही. प्लगच्या भोकातून बोरोस्कोप सोडून पिस्टनचा माथा मोबाईलच्या पडद्यावर बघता येतो. हा कॅमेरा आता महाग राहिलेला नाही, आणि ज्या गॅरेजमध्ये तो आहे तिथे चला. मग कॉम्प्रेशन टेस्ट. चारही आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवेत. एखादा खूप कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजायचं. आकडा वाढला तर रिंग संशयित, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. चारही आकडे कंपनीच्या आकड्यापेक्षा वर असतील तर माथ्यावर थर आहे, हे जवळजवळ नक्की. सोबत स्कॅनर लावून गरम आयडलला थ्रॉटल किती टक्के उघडतोय आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा, काय सांगतोय, ते लिहून घ्या. काम झाल्यावर हेच आकडे परत घ्यायचे. आधीचे आकडे नसतील तर पैसे कशाचे दिले, हे तुम्हालाही कळणार नाही आणि मेस्त्रीलाही.

आता एकेक उपाय.

थ्रॉटल बॉडी साफ करणं हे सगळ्यात सोपं, स्वस्त आणि लगेच फरक दाखवणारं काम, आणि तुमच्या गाडीला ते बहुतेक लागणारच. पण ते काढून करावं. एअर पाइप सैल करून चालू इंजिनात कॅनची नळी खुपसायची पद्धत मला पसंत नाही, सगळी घाण आत जाते. बॉडी खाली उतरवा, थ्रॉटल बॉडीचाच क्लीनर मऊ कापडावर मारा आणि पुसून घ्या. काही थ्रॉटलच्या कडेला कंपनीनंच एक गडद लेप दिलेला असतो, हवा गळू नये म्हणून. तो मळासारखा दिसतो. घासून चकचकीत करायच्या नादात तो निघून गेला की आयडल पुन्हा कधी बसत नाही. तुमच्या गाडीत इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडप बोटानं ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते मोडतात. चावी चालू असताना तर बोट तिथे न्यायचंच नाही. मोटरच्या बाजूला स्प्रे उडू द्यायचा नाही. गॅस्केट नवं घाला, आणि बसवल्यावर स्कॅनरनं आयडल शिकवून द्या. नाहीतर साफ केल्यावर आरपीएम आधीपेक्षा जास्त चढतो आणि गिऱ्हाईक म्हणतं गाडी बिघडवली. मॅप (हवेचा दाब मोजणारा) किंवा एअर फ्लो (आत जाणारी हवा मोजणारा) सेन्सर असेल तर त्याला हा क्लीनर लावायचा नाही. एअर फ्लो सेन्सरचा वेगळा, अवशेष न ठेवणारा स्प्रे मिळतो, तोच वापरायचा, आणि तारेला बोट किंवा कापड लावायचं नाही.

पुतण्याची बाटली. टाकीत टाकायच्या औषधात खरं काम करणारा घटक पीईए, म्हणजे पॉलिइथरअमीन. इंजेक्टरच्या तोंडावरचा थर तो काढतो, आणि ज्वलनकक्षाची उष्णता सहन करत असल्यामुळे पिस्टनच्या माथ्यावरही हळूहळू काम करतो. बाटलीवर पीईएचा उल्लेख नसेल, नुसतं मायलेज वाढेल आणि पॉवर वाढेल असं लिहिलं असेल, तर आत बहुतेक रॉकेलच्या कुळातलं सॉल्व्हंट असतं. ते विकत घेऊ नका. तुमच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हच्या मागे, पोर्टमध्ये फवारलं जातं, त्यामुळे बाटलीतलं औषध व्हॉल्व्हलाही लागतं. हा तुमचा फायदा. टाकी जवळजवळ रिकामी करून बाटली ओता, मग सांगितलेल्या प्रमाणात पेट्रोल भरा, आणि ती टाकी हायवेवर संपवा. गावातल्या गावात संपवली तर अर्धा परिणाम वाया जातो. औषधाचा थोडा अंश रिंगवाटे ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदलायच्या थोडं आधी हे करावं. प्रत्येक टाकीला टाकायची ही गोष्ट नाही. परिणाम एका टाकीत दिसायला हवा असा आग्रहही धरू नका. अनेक वर्षांचा थर एका टाकीत जात नाही.

ज्यांच्याकडे नव्या टर्बो पेट्रोल गाड्या आहेत त्यांनी इथे थांबून वाचावं. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात, म्हणजे जीडीआय, टीएसआय, बूस्टरजेट अशा नावांच्या गाड्यांत, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडलं जातं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला त्याचा थेंबही लागत नाही. तिथे ब्रीदरमधून आलेली ऑइलची वाफ भाजत राहते आणि दगडासारखा थर होतो. टाकीत कितीही बाटल्या ओतल्या तरी तो थर हलणार नाही. त्याला इनटेक मॅनिफोल्ड उतरवून, ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहेत याची खात्री करून, आक्रोडाच्या टरफलाचा चुरा हवेच्या दाबानं मारतात. टरफल कार्बन फोडतं, पण धातूला ओरखडा काढत नाही. ते यंत्र नसेल तर क्लीनर ओतून थर भिजवायचा, नायलॉनच्या ब्रशनं घासायचा आणि खेचून घ्यायचा. करपलेल्या पातेल्यासारखंच आहे, भिजू दिलं तर निघतं, घाई केली तर नुसतं खरवडलं जातं.

सर्व्हिस सेंटरच्या केमिकल डिकार्बोनायझिंगमध्ये सहसा इंजिन चालू ठेवून इनटेकच्या व्हॅक्यूम नळीतून किंवा थ्रॉटलपाशी द्रव थेंबाथेंबानं, धुक्यासारखं ओढू देतात. नीट केलं तर इनटेक पोर्ट, व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्षावरचा मऊ थर जातो. रिंगच्या खाचेत ते फारसं पोचत नाही. यातला धोका प्रमाणाचा आहे. द्रव दाबलं जात नाही. इनटेकच्या खोलगट भागात साठलेलं क्लीनर एकदम सिलिंडरमध्ये ओढलं गेलं तर पिस्टन त्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. टर्बो गाडीत इंटरकूलर, म्हणजे टर्बोकडून आलेली हवा गार करणारा भाग, हेच साठायचं ठिकाण, म्हणून स्प्रे इंटरकूलरच्या आधी कधीच द्यायचा नाही. शिवाय सुटलेला कार्बन आणि न जळलेलं औषध कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो लालबुंद होऊ शकतो. गरम इंजिन, २,००० च्या आसपास आरपीएम, थोडं थोडं औषध, आणि मध्ये दम घेऊ देणं, एवढी शिस्त पाळणारा माणूस असेल तर तुमच्या गाडीला ही सेवा चालेल. गाडी तासभर सोडून जा म्हणणाऱ्याकडे नको. उभं राहून बघा. हायड्रोजनच्या यंत्रानं कार्बन काढून देतो अशा पाट्याही आता हायवेला दिसतात. त्या यंत्रानंतर बोरोस्कोपमध्ये पटेल असा फरक मला अजून दिसलेला नाही, म्हणून मी ते कुणाला सुचवत नाही.

पिस्टन भिजवणं हा या सगळ्यातला खरा कष्टाचा आणि माझ्या मते सगळ्यात गुणकारी प्रकार. विशेषतः ऑइल खाणाऱ्या गाडीला. पिस्टनची तिसरी रिंग, म्हणजे ऑइल रिंग, तिच्या मागच्या बारीक भोकांत ऑइल भाजून कार्बन झाला की ती खाचेत अडकते. मग सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खरडून खाली जात नाही, वर जळतं, आणि त्याचाच नवा कार्बन होतो. हे चक्र टाकीतल्या बाटलीनं तुटत नाही. हेड खोलण्याआधी भिजवून बघायला हरकत नाही.

पद्धत अशी. इंजिन गरम करून बंद करा, हाताला सोसेल इतकं निवू द्या. प्लग काढा. चार सिलिंडरच्या इंजिनात एक आणि चार नंबरचे पिस्टन वर असतात तेव्हा दोन आणि तीन खाली असतात. क्रँक पाना लावून साधारण पाव फेरा फिरवला की चारही मधल्या उंचीवर येतात. चार सारख्या लाकडी काड्या किंवा प्लास्टिकच्या नळ्या प्लगच्या भोकात सोडून उंची जुळते का बघा. मोडून आत पडेल असं काही वापरू नका. मग पिस्टनचा माथा बुडेल एवढं, साधारण ३० ते ४० मिली, पिस्टन भिजवण्यासाठीच बनवलेलं द्रव प्रत्येकात सिरिंजनं सोडा, भोकं कापडानं झाका आणि कित्येक तास थांबा. मी संध्याकाळी घालून सकाळी बघतो. मधे क्रँक थोडा पुढे-मागे हलवला तर द्रव रिंगमधून खाली झिरपतं. सकाळी एखाद्या सिलिंडरमध्ये द्रव जसंच्या तसं असेल तर त्याच्या रिंग घट्ट चिकटल्यात किंवा फार चांगल्या आहेत. कॉम्प्रेशनचा आकडा कोणतं ते सांगेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उरलेलं द्रव सिरिंजनं आणि बारीक नळीनं ओढून काढायचं. मग प्लग न बसवता, कॉइल आणि इंजेक्टरचे कनेक्टर काढून, भोकांवर जाड कापड टाकून आणि स्वतः बाजूला राहून स्टार्टर मारायचा. आतलं काळं पाणी कापडात जोरात येतं. डोळ्यांवर चष्मा हवा, जवळ ठिणगी किंवा बिडी नको. ही पायरी गाळून प्लग बसवला तर तोच रॉड वाकण्याचा धोका. त्यानंतर जुनं ऑइल आणि फिल्टर काढून टाकायचं, कारण क्लीनर खाली सम्पमध्ये, म्हणजे ऑइलच्या तळाच्या भांड्यात, उतरलेलं असतं आणि त्यानं ऑइल पातळ झालेलं असतं. नवं ऑइल घालून मोकळ्या जागेत चालू करा. पहिल्या काही मिनिटांत पांढरा धूर गल्ली भरून येतो, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. हे ऑइलही लवकर, हजार-पंधराशे किलोमीटरला बदलावं. ऑइल पिणं थांबलं का, हे डिपस्टिकवरच कळतं. दर ५०० किलोमीटरला, सपाट जागेवर, थंड इंजिनात बघून वहीत लिहा.

तुमचे मेस्त्री हेड खोलायचं म्हणतात ते कधी बरोबर? व्हॉल्व्ह नीट बसत नाही म्हणून कॉम्प्रेशन गेलंय, थर इतका जाड आहे की दोनदा औषध घालूनही बोरोस्कोपमध्ये हललेला नाही, किंवा हेड गॅस्केटचाच संशय आहे, तेव्हा. तोवर नको. हेड खोलणं म्हणजे नवं गॅस्केट, कंपनीनं सांगितलं असेल तर नवे बोल्ट, टॉर्क रेंचनं ठरलेल्या क्रमानं आवळणं आणि टायमिंग परत जुळवणं. जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरला हेड आणि सिलेन्सर खोलून कार्बन खरवडणं हे नेहमीच्या सर्व्हिसचं काम होतं, कारण तिथे ऑइल पेट्रोलमध्ये मिसळूनच जळायचं आणि चार बोल्टमध्ये हेड हातात यायचं. मेस्त्री लोकांच्या हाताला ती सवय आहे. आजच्या इंजिनाला ती तशीच लावू नये.

भावाच्या डिझेलचं औषध वेगळं आहे, आणि इथे मी आवाज चढवून सांगतो: चालू डिझेल इंजिनाच्या इनटेकमध्ये कार्ब क्लीनर, थ्रॉटल क्लीनर, पेट्रोल, काहीही फवारायचं नाही. पेट्रोल इंजिनाचा वेग थ्रॉटल आणि ठिणगी सांभाळतात. डिझेलचा वेग पंपानं दिलेल्या इंधनावर ठरतो. हवेतून जळणारं काही आत गेलं की डिझेल ते जाळतं आणि आरपीएम हाताबाहेर जातो. चावी बंद केली तरी ते थांबत नाही, कारण त्या क्षणी ते पंपाच्या इंधनावर चालतच नसतं. हवेची वाट बंद होईपर्यंत ते स्वतःला फाडत राहतं. ईथर असलेला स्टार्टिंग स्प्रे ग्लो प्लगच्या गाडीत मारला तर आतच भडका उडून पिस्टन आणि रिंग जातात.

काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. म्हणून आधी हवेची बाजू बघा: एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज कुठे चिरलेत का, क्लॅम्प सैल आहेत का. पसरणीच्या घाटात चढताना धूर जास्त आणि ताकद कमी, सोबत शिट्टीसारखा आवाज, असं असेल तर होज फाटलेला असण्याची शक्यता फार. तो पाचशे-हजारात निघणारा दोष सोडून लोक केमिकलवर पैसे घालतात. होज ठीक असतील तर ईजीआर व्हॉल्व्ह. धुरातला काही भाग परत इनटेकमध्ये पाठवायचं त्याचं काम. त्या काजळीला क्रँककेसच्या ऑइलची वाफ भेटली की मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा चिखल जमतो. मी अशी मॅनिफोल्ड उतरवलीत की अंगठा जायच्या जागेत करंगळी जाईना. याला गाडीतून उतरवून, व्हॉल्व्हची इलेक्ट्रिक मोटर वेगळी करून, लोखंडी-अ‍ॅल्युमिनियम भाग डिकार्बच्या द्रवात भिजवणं आणि ब्रशनं काढणं, एवढाच खरा उपाय. मोटर बुडवली की संपली. नवी गॅस्केटं घाला, आणि स्कॅनरनं व्हॉल्व्हची जागा शिकवा. त्यानंतरही धूर राहिला तर नोझल उतरवून टेस्ट बेंचवर तपासा. डिझेलच्या टाकीत टाकायचं नोझल क्लीनर हलक्या थराला उपयोगी आहे, झिजलेल्या नोझलला नाही. आणि चालू गाडीत कॉमन रेलची, म्हणजे नोझलना डिझेल पुरवणारी, नळी सैल करून कुणी बघत असेल तर त्याला थांबवा. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, तो डिझेलचा फवारा कातडीत घुसवतो.

ज्यांच्या डिझेल गाड्या १ एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ आहेत, त्यांच्याकडे बहुतेक डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. त्यातली काजळी ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जळून जाते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग पळावी लागते. पोवई नाका ते एमआयडीसी एवढ्यात ते जमत नाही. डीपीएफचा दिवा लागला तर आधी पुण्याच्या दिशेनं पंधरा-वीस मिनिटं हायवेला एका वेगात चालवून बघा. दिवा लुकलुकत असेल किंवा इंजिनाचा दिवाही लागला असेल तर मात्र न चालवता दाखवा. डीपीएफमधली राख वेगळी. ती ऑइलमधल्या धातूच्या क्षारांपासून होते, जळत नाही, म्हणून त्या गाड्यांना कमी राखेचं, कंपनीनं सांगितलेलंच ऑइल घालायला हवं.

इंजिन फ्लशबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बिलात तो हमखास येतो, म्हणून लिहितो. ऑइल वेळेवर बदललेल्या गाडीला त्याची गरज नाही. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीला तो धोक्याचा आहे. घट्ट बसलेला गाळ एकदम सुटतो, सम्पमधल्या स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो, आणि ऑइलचा दाब जातो. अशा इंजिनाला सम्प खोलून स्ट्रेनर हातानं साफ करावा आणि चांगल्या ऑइलचे दोन-तीन बदल दोन-दोन हजार किलोमीटरला करावेत. ऑइलमध्येच डिटर्जंट असतं, ते सावकाश पण न दुखवता काढतं. फ्लशच्या नावाखाली रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन चालवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. त्यानं बेअरिंगवरचा ऑइलचा पातळ पापुद्रा तुटतो. करू देऊ नका.

तसंच कॉस्टिक सोडा. जुनी बिडाची हेडं कॉस्टिकच्या गरम पाण्यात घालत, ती निघतही स्वच्छ. आजचं हेड, पिस्टन, थ्रॉटल अ‍ॅल्युमिनियमचं आहे. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं, वर हायड्रोजन वायू सोडतं, आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. ओव्हन साफ करायच्या स्प्रेत आणि नाल्या मोकळ्या करायच्या पावडरीत तेच असतं. संडास धुवायचं अ‍ॅसिडही त्याच कारणानं नको. सिलिकॉन असलेला कुठलाही स्प्रे इनटेकजवळ नको, त्यानं ऑक्सिजन सेन्सर मरतो. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर तापलेल्या भागावर किंवा वेल्डिंगजवळ मारला तर फॉस्जीनसारखा विषारी वायू होऊ शकतो.

हे सगळं हातानं करणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. कार्ब क्लीनरमध्ये टोल्युइन, झायलीन, अ‍ॅसिटोन असतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात, उतरून बसते, आणि तिथे दिवा किंवा ग्राइंडरची ठिणगी पडली की पेट घेते. पिटमध्ये उभं राहून स्प्रे मारायचा नाही. पेट्रोलनं हात आणि पार्ट धुणं तर बंदच करा. पेट्रोलमध्ये कर्करोग करणारं बेंझीन असतं आणि ते कातडीतूनही जातं. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, उघडं शटर, एवढा खर्च कुठल्याही गॅरेजला झेपतो. काढलेलं काळं द्रव आणि जुनं ऑइल डब्यात भरून ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्या. ते गटारात ओतलं की वेण्णेत आणि माहुलीला कृष्णेतच जातं.

सर, तुमच्या गाडीचा क्रम मी असा लावीन. पहिल्या दिवशी प्लग, बोरोस्कोप, कॉम्प्रेशन आणि स्कॅनरचे आकडे. त्याच दिवशी थ्रॉटल साफ, एअर फिल्टर आणि गरज असेल तर नवे प्लग, कंपनीनं दिलेल्या हीट रेंजचेच. ब्रीदरची पीसीव्ही झडप हलवून बघायला सांगा, अडकलेली असेल तर बदला. ती स्वस्त आहे, आणि ती तशीच राहिली तर साफ केलेला थ्रॉटल सहा महिन्यांत परत काळा होतो. मग पीईएची एक बाटली आणि ती टाकी खंबाटकी ओलांडून पुण्याला जाऊन-येऊन संपवा, चढाला एक गिअर खाली ठेवून, इंजिन मोकळं फिरू देत. तापलेला ज्वलनकक्ष आणि औषध एकत्र आले की थर सुटतो. जुन्या टाकीच्या तळाचा मळ इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलनं सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून २०१४ च्या गाडीत फ्युएल फिल्टर कधी बदललाय तेही विचारून ठेवा. परत आल्यावर ऑइल बदला आणि बोरोस्कोपनं पुन्हा बघा.

माथ्यावरचा थर निम्मा झाला असेल आणि टकटक थांबली असेल तर पुढच्या ऑइल बदलाआधी आणखी एक बाटली, आणि विषय संपला. थर तसाच असेल तर इनटेकमधून केमिकल द्यायचं काम करून घ्या, वर सांगितलेल्या शिस्तीनं. डिपस्टिकवर ऑइल कमी होताना दिसलं तर ते सोडून थेट पिस्टन भिजवायला घ्या. आणि भावाला आजच फोन करून सांगा, कुणी चालू गाडीत स्प्रे मारायला निघाला तर गाडी तिथून काढून आणायची, आणि आधी इंटरकूलरचे होज बघून घ्यायचे.